फिफ्थ व्हील जोडला की ट्रक मागून बसतो, पुढून हलका पडतो: तपासायचं कुठून?

आधी लक्षणं सांगतो. फिफ्थ व्हील, म्हणजे मोठा कॅम्पिंग ट्रेलर, ट्रकला (इकडे पिकअपलाच ट्रक म्हणतात) जोडला, त्याचे पुढचे पाय वर घेतले आणि ट्रकचं मागचं अंग इतकं खाली गेलं की बॉनेट आभाळाकडे बघायला लागलं. रात्री समोरचे सगळे डिपर मारतायत, कारण तुमचे साधे लाईटसुद्धा त्यांच्या डोळ्यात जातायत. हायवेला स्टेअरिंग नेहमीपेक्षा हलकं लागतंय, पुढची चाकं रस्ता धरतायत की नाही अशी शंका येते. शेजारून अठरा चाकी गेला की अख्खी गाडी आधी बाहेर ढकलली जाते आणि मग आत ओढली जाते. काँक्रीटच्या रस्त्यावर सांध्यासांध्याला पाठीत मागून गुद्दे बसतात. लांब चढावर ट्रान्समिशनचं टेंपरेचर चढतंय, उताराला ब्रेकचा करपट वास येतोय. पंपावर थांबून हात लावला तर ट्रकचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा कितीतरी गरम.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर बहुतेक वेळा इंजिनात काही बिघडलेलं नसतं, ट्रक आणि ट्रेलरची जोडीच जमलेली नसते. मी टेक्सासमध्ये राहतो, स्वतःचा फिफ्थ व्हील गेली बरीच वर्षं ओढतोय, आणि आपल्या मराठी मंडळींपैकी ज्यांनी ज्यांनी इकडे असा ट्रेलर घेतला त्यातल्या अनेकांच्या गाडीखाली मी टॉर्च घेऊन आडवा झालोय. दर वेळी तक्रार वेगळ्या शब्दांत येते आणि दर वेळी मूळ तेच निघतं. लोक ट्रक घेताना विचारतात की हा किती ओढेल, आणि विक्रेता खुशीत सांगतो अठरा हजार पौंड, वीस हजार पौंड. ओढेलही. पण पाठीवर किती पेलेल हे कुणी विचारत नाही, आणि फिफ्थ व्हीलचा सगळा खेळ पाठीवरच्या वजनाचा आहे.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. फिफ्थ व्हील म्हणजे तो उंच नाकाचा मोठा कॅम्पिंग ट्रेलर, जो बंपरच्या गोळ्याला अडकत नाही, ट्रकच्या मागच्या हौद्यात (बेडमध्ये) बसवलेल्या हिचमध्ये, म्हणजे जोडायच्या जबड्यात, त्याचा दोन इंच जाडीचा किंगपिन, म्हणजे नाकाखालचा लोखंडी खुंटा, अडकतो. हिच मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे असते, म्हणून हा ट्रेलर साध्या ट्रेलरपेक्षा कमी डुलतो. पण त्या बदल्यात तो आपल्या वजनाचा मोठा हिस्सा ट्रकच्या पाठीवर टाकतो. साधा ट्रेलर १० ते १५ टक्के टाकतो, फिफ्थ व्हील कागदावर १५ ते २५ टक्के, आणि प्रत्यक्षात सामान भरल्यावर बहुतेक २० च्या वरच. यालाच पिन वेट म्हणतात.

मी वाळवा तालुक्याकडचा आहे, लहानपणी ऊसाच्या बैलगाड्या रोज बघितल्यात, त्यामुळे मला हे गाडीवरूनच समजलं. भार मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो, आणि पुढे जास्त झाला की सगळं बैलाच्या मानेवर येतं. पिन वेट म्हणजे जुवावरचा भार. तो असायलाच हवा, पण बैलाला पेलेल इतकाच.

आता तपासणी. मी फुकटापासून खर्चाकडे जातो, तुम्हीही याच क्रमाने जा, कारण मी बघितलंय की लोक पहिल्याच दिवशी हजार डॉलरच्या एअरबॅगा बसवतात आणि खरं कारण तसंच राहतं.

सगळ्यात पहिलं म्हणजे हिचकडे नुसतं बघा. तुमचा ट्रक साडेसहा फुटी बेडचा असेल तर बहुतेक तुमच्याकडे स्लायडर हिच असणार, जी वळताना ट्रेलरचं नाक केबिनला लागू नये म्हणून मागे सरकवता येते. कॅम्पमध्ये ट्रेलर लावताना ती मागे सरकवतात आणि निघताना पुढे आणून लॉक करायचं विसरतात. मग काय होतं, की सगळं पिन वेट मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे येतं, ट्रक तराजूसारखा मागे झुकतो आणि पुढची चाकं हलकी होतात. ऊसाच्या दोन ट्रॉल्या ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाकं उचललेली आपण सगळ्यांनी बघितलीत, तो प्रकार इथे सत्तर माईलच्या स्पीडला होतो. माझ्या एका मित्राने तीनशे माईल तसाच प्रवास केला, स्टेअरिंग हलकं लागतंय म्हणून अलाइनमेंट करून आला, आणि शेवटी हिच दहा-बारा इंच मागेच होती. खर्च शून्य.

तिथेच उभे आहात तर टॉर्च मारून जबडा बघा. किंगपिन जबड्याच्या आत पूर्ण अडकला पाहिजे आणि लॉकची पिन आरपार गेली पाहिजे. कधी कधी ट्रेलर जरा जास्त उंचावर ठेवून जोडला तर किंगपिन जबड्याच्या वरच बसतो, वरून सगळं ठीक दिसतं, आणि पहिल्या झटक्याला ट्रेलर निसटून बेडच्या कडांवर आदळतो. ट्रकचे दोन्ही काठ दबलेले मी डोळ्यांनी बघितलेत. म्हणून दर वेळी ओढून बघायचं. ट्रेलरचे पुढचे पाय जमिनीपासून जेमतेम सुटलेले ठेवायचे, ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबायचा आणि ट्रक हळूच पुढे घ्यायचा. धरलं असेल तर ट्रक जागीच अडतो. नसेल धरलं तर ट्रेलर इंचभरच खाली येतो, नुकसान होत नाही. हे मी माझ्या मुलीला गाडी चालवायला शिकवायच्या आधी शिकवलंय.

दुसरं टायर. सकाळी गाडी हलवायच्या आधी, टायर थंड असताना हवा बघा. दिवसभर चालून आलेल्या टायरवर घेतलेला आकडा वर चढलेला असतो, तो धरू नका. ट्रकच्या मागच्या टायरची हवा दरवाज्याच्या चौकटीवर लिहिलेली असते. जड ट्रकला ती बऱ्याचदा पुढच्यापेक्षा जास्त असते, आणि टायरवाला सर्व्हिस करताना चारीत एकच हवा भरून देतो हे मी कित्येकदा पकडलंय. टायरची बाजू जोरावर उभी नसेल तर गाडी टायरवरच डुलते आणि लोक ट्रेलरला दोष देतात. टायरच्या बाजूवर एक आकडा असतो, एका टायरने किती पौंड पेलायचं तो, अमुक इतक्या पीएसआयला. तो आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. ट्रेलरचे टायर वेगळे असतात, त्यांच्यावर एसटी लिहिलेलं असतं, आणि वेगाचं अक्षर नसेल तर ते ६५ माईलच्या पुढे न्यायचे नाहीत. टेक्सासच्या ऑगस्टमधल्या डांबरावर ७५ ने नेलेला जुना टायर फुटतो तेव्हा चाकावरचा पत्रा, पाईप, वायरी सगळं फाडून नेतो. टायरच्या बाजूवरच्या डीओटी नंबरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, ते बघून वय काढा. सहा-सात वर्षांचा टायर दिसायला नवा असला तरी मी वापरत नाही.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर असतो, त्यावर टायरच्या साईजच्या वर एक वाक्य असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या किलोच्या किंवा इतक्या पौंडांच्या वर नको. हा तुमच्या, म्हणजे नेमक्या तुमच्याच ट्रकचा पेलोड. ब्रोशरमधला आकडा सोडून द्या, तो त्या मॉडेलच्या सगळ्यात हलक्या गाडीचा असतो, आणि तुमच्या गाडीत सनरूफ आहे, फोर बाय फोर आहे, लेदरच्या गरम होणाऱ्या सीट आहेत, ते सगळं पेलोडमधूनच कापलं गेलंय. डिझेल इंजिनाचं तर विचारूच नका. डिझेल पेट्रोलपेक्षा कैक शे पौंड जड असतं, त्यामुळे तोच ट्रक डिझेलमध्ये ओढतो जास्त आणि पेलतो कमी. आपल्या लोकांना हे पटतच नाही, महागडं डिझेल घेतलंय म्हणजे सगळ्यातच वरचढ असणार असं वाटतं.

आता मी ज्या गाडीवर शेवटचं काम केलं तिचाच हिशेब सांगतो. थ्री-क्वार्टर टन (पिकअपचे वर्ग चढत्या क्रमाने हाफ टन, थ्री-क्वार्टर टन, एक टन) डिझेल, चार दरवाजे, फोर बाय फोर. स्टिकर २,१४० पौंड. नवरा-बायको मिळून ३००, हिच १६०. उरले १,६८०. ट्रेलरच्या ब्रोशरमध्ये पिन वेट २,०५० लिहिलेलं, म्हणजे रिकामा ट्रेलर जोडला तरी हिशेब फसलेलाच होता. आणि ते २,०५० कोरड्या ट्रेलरचं, म्हणजे कारखान्यातून निघाला तेव्हाचं, ज्यात बॅटरी नाही, गॅसचे सिलेंडर भरलेले नाहीत, थेंबभर पाणी नाही, कपडे नाहीत, भांडी नाहीत. त्या आकड्यावर कुणी ट्रक निवडू नये.

इथेच आकडे जमत नसतील तर पुढच्या तपासण्या नेमकं किती जास्त आहे हे सांगतील, गणित बदलणार नाहीत.

चौथं, मेजरिंग टेप. सपाट जागेवर ट्रक एकटा उभा करून चारही चाकांच्या कमानीपासून जमिनीपर्यंत उंची मोजा, मग ट्रेलर जोडून पुन्हा मोजा. मागून दोन-तीन इंच बसणं साहजिक आहे, रिकामा ट्रक मागून उंच ठेवलेला असतो तो त्यासाठीच. पण मागचा भाग पुढच्यापेक्षा खाली गेला किंवा पुढची कमान मुळात होती त्यापेक्षा वर उचलली तर गडबड आहे. मग ट्रेलर बाजूने बघा, त्याची खालची चौकट पुढे आणि मागे जमिनीपासून सारखीच हवी. आजकालचे ट्रक उंच आलेत, त्यामुळे बरेच ट्रेलर नाक वर करून चालतात, आणि नाक वर असलं की भार मागच्या अ‍ॅक्सलवर सरकतो, मागचे दोन टायर आधी झिजतात, ब्रेक लावताना पुढचा अ‍ॅक्सल हलका पडतो. हिचची उंची किंवा पिन बॉक्स (किंगपिन धरणारा ट्रेलरच्या नाकाखालचा भाग) एक-दोन भोकं वरखाली करून हे सुधारतं, बोल्टचं काम आहे, पण बोल्ट कंपनीने दिलेल्या टॉर्कलाच आवळायचे, टॉर्क रेंच नसेल तर करून घ्या. एक सांभाळा, ट्रेलर सपाट करण्याच्या नादात बेडच्या काठावरची जागा कमी होते. काठ आणि ट्रेलरचं पोट यात साडेपाच-सहा इंच तरी हवेत, नाहीतर पेट्रोल पंपात तिरपं चढताना ट्रेलर काठावर टेकतो.

पाचवं, ट्रेलरच्या नाकातलं सामान. पुढच्या मोठ्या कप्प्यात जे जे ठेवाल ते जवळजवळ सगळं ट्रकच्या पाठीवर येतं, आणि तो कप्पा इतका ऐसपैस असतो की माणूस भरतच जातो. त्या गाडीच्या पुढच्या कप्प्यातून आम्ही काय काय काढलं सांगतो. जनरेटर, चार बॅटऱ्या, ट्रेलरच्या पायांखाली लावायच्या लाकडी ठोकळ्यांचं खोकं, वीस-वीस पौंडांच्या आट्याच्या तीन पिशव्या, वेट ग्राइंडर, बिडाचे दोन तवे आणि गावाकडून बोटीने मागवलेला दगडी पाटा. त्या बाईंनी पाटा हातात घेतला आणि म्हणाल्या, हा कुठेही ठेवा पण घरी नाही ठेवायचा. मग तो ट्रेलरच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर, स्वयंपाकघराच्या खालच्या कपाटात गेला, तिथे तो पिनवर फारसा येत नाही. पाण्याचाही असाच हिशेब करा, एक गॅलन म्हणजे साधारण ८.३ पौंड, साठ गॅलनची टाकी भरली की पाचशे पौंड, आणि टाकी अ‍ॅक्सलच्या पुढे आहे की मागे यावर पिन वाढतं किंवा घटतं. कॅम्पवर नळ असेल तर रस्त्यापुरतं दहा-पंधरा गॅलनच घ्या.

पण म्हणून सगळं उचलून मागच्या टोकाला नेऊ नका, हे हात जोडून सांगतो. पिन १५ टक्क्यांच्या खाली गेलं की गाडी उलाळ होते, पाठीतले धक्के वाढतात आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. ट्रक बसत नाही म्हणून माणूस खूश होतो आणि खरं संकट तिथेच सुरू होतं. ज्यांचा ट्रेलर मागे मोटरसायकल न्यायचा आहे त्यांनी तर रिकामा आणि भरलेला असे दोन्ही हिशेब करायलाच हवेत.

सहावं, काटा. इथपर्यंत अंदाज होता, आता पक्का आकडा. मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो, पंधरा डॉलरच्या आसपास घेतात, आणि चोवीस तासांत पुन्हा वजन केलं तर फारच थोडे. ऊस कारखान्यावर कसं, भरलेली गाडी काट्यावर, मग रिकामी गाडी काट्यावर, वजाबाकी म्हणजे ऊस. इथे तेच करायचंय. आधी सगळं भरून, टाकी फुल करून, घरच्यांना बसवून ट्रेलरसकट काट्यावर जा. काट्याच्या वेगवेगळ्या फळ्या असतात, पुढची चाकं पहिल्या फळीवर, मागची दुसऱ्या, ट्रेलरचे अ‍ॅक्सल तिसऱ्या. मग ट्रेलर पार्किंगमध्ये सोडून ट्रक एकटा आणा, माणसं आणि हिच तशीच ठेवून.

त्या गाडीची पावती माझ्या वहीत आहे. जोडून: पुढे ४,८४०, मागे ६,३६०, ट्रेलरचे अ‍ॅक्सल १०,२४०. ट्रक एकटा: पुढे ४,७८०, मागे ३,५४०. जोडलेला ट्रक ११,२००, एकटा ८,३२०, फरक २,८८० पौंड, हेच खरं पिन वेट. ट्रेलर एकूण १३,१२०, म्हणजे पिन २२ टक्के, अगदी निरोगी. ट्रेलर चांगला, सामान नीट लावलेलं, आणि सगळं मिळून २१,४४० पौंड, जे त्या ट्रकच्या ओढायच्या मर्यादेत आरामात बसत होतं. पण ट्रकची स्वतःची, म्हणजे सगळं भार धरून त्याच्या चाकांवर यायच्या वजनाची, मर्यादा १०,०००, तो १,२०० पौंड वर. मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा ६,२००, तीही १६० वर. आणि टायर? प्रत्येकी ३,१९५ पौंडांचे दोन, म्हणजे ६,३९०, त्यावर ६,३६० लादलेले. तीस पौंड शिल्लक. एक पाण्याचा जग आणि कुत्रा मागे चढला की संपलं. ही पावती मी त्यांच्या हातात दिली तेव्हा दोघंही बराच वेळ काही बोलले नाहीत, कारण मागच्या सीटवर ते नातवंडं नेणार होते.

पावतीवर अजून एक गोष्ट बघायची. ट्रेलर जोडल्यावर पुढचं वजन किंचित वाढलं पाहिजे, इथे ६० ने वाढलं. ते शे-दोनशेने कमी झालं असेल तर हिच अ‍ॅक्सलच्या मागे बसलीये, पहिल्या तपासणीकडे परत जा. स्लायडर पुढे लॉक असूनही कमी होत असेल तर हिच ज्याने बसवली त्याच्याकडे, हिच ज्यावर बसते त्या पट्ट्या, म्हणजे रेल, चुकीच्या जागी बसवल्यात.

इथे पहिली थांबायची जागा. मागच्या अ‍ॅक्सलचा किंवा टायरचा आकडा ओलांडलेला दिसला तर काट्यावरून पुढे प्रवासाला निघायचं नाही. पाणी तिथेच सोडा, सामान दुसऱ्या गाडीत टाका, जमलं नाही तर मोठ्या ट्रकवाल्याला पैसे देऊन ट्रेलर घरी न्या. उद्या बघू म्हणून निघायचं नाही, टायर फुटायला उद्या लागत नाही.

सातवं, ट्रेलरचे ब्रेक, कारण उताराला वास येतोय तो बहुतेक ट्रकच्या ब्रेकचा असतो, ट्रेलर आपला वाटा उचलत नसतो. मोकळ्या सपाट पार्किंगमध्ये २५ माईलला जाऊन केबिनमधल्या ब्रेक कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने पूर्ण दाबा. ट्रेलरने ट्रकला ठामपणे मागे खेचलं पाहिजे. कंट्रोलरचा गेन, म्हणजे ट्रेलरचा ब्रेक किती जोराने लागायचा तो आकडा, हळूहळू वाढवत चाकं लॉक व्हायच्या जरा अलीकडे आणून ठेवा. सामान भरून करा, रिकाम्या ट्रेलरचा गेन भरलेल्याला पुरत नाही. गेन कितीही वाढवला तरी खेच येत नसेल तर आधी सात पिनांचा प्लग बघा, हिरवट गंज धरलेला असेल तर पंधरा मिनिटांत साफ होतो. ज्यांच्याकडे क्लॅम्प मीटर आहे त्यांनी ब्रेकच्या वायरवर लावून बघा, चार ब्रेकच्या ट्रेलरला पूर्ण दाबल्यावर साधारण १२ अँपिअर जातात, ९ दिसले तर एक ब्रेक मेलाय. करंट बरोबर आणि तरी ब्रेक नाही, तर बऱ्याचदा ड्रममध्ये ग्रीस गेलेलं असतं, कुणीतरी बेअरिंगला ग्रीसगनने भसाभस भरलेलं. ही दुसरी थांबायची जागा. ड्रम कधी उघडला नसेल तर उघडू नका, ग्रीस लागलेले शू बदलावेच लागतात आणि बेअरिंग परत बसवताना चुकलं तर रस्त्यात चाक निघतं. कॅम्पिंगच्या गाड्यांचे (आरव्ही) फिरते मेकॅनिक घरी येऊन करून जातात.

आठवं, पाठीतले धक्के अजून येत असतील, वजन बरोबर असूनही, तर झीज शोधा. एकाला ब्रेक लावून ट्रक हळूच पुढे-मागे करायला सांगा आणि तुम्ही बाजूला, गाडीच्या वाटेत नाही, उभं राहून जबड्याकडे बघा. खट् करून दिसण्याइतकी हालचाल होत असेल तर जबडा सैल झालाय, काही हिचना आवळायची सोय असते, काहींचा जबडाच बदलावा लागतो. किंगपिन ज्या प्लेटमध्ये वेल्ड केलाय तिथे रंगाला केसासारखा तडा किंवा गंजाची बारीक रेघ दिसली तर तिसरी थांबायची जागा, आणि ही सगळ्यात मोठी. तिथे रंग मारायचा नाही, गावातल्या वेल्डरला बोलवायचं नाही, ट्रेलरच्या चौकटीचं काम करणाऱ्या शॉपकडेच न्यायचा, तोही दुसऱ्याच्या लोबेडवर.

आता एअरबॅग, कारण प्रश्न तोच येतो. मागच्या स्प्रिंगला हवेच्या पिशव्या लावल्या की ट्रक सपाट होतो, लाईट खाली येतात, बघायला छान वाटतं. वजन मर्यादेत असेल आणि नुसतं बसणं जास्त असेल तर जरूर लावा, माझ्याही ट्रकला आहेत. पण पेलोड वाढत नाही. अ‍ॅक्सल तोच, बेअरिंग तेच, टायर तेच, ब्रेक तेच, आणि दरवाज्यावरचा स्टिकरही तोच. वर सांगितलेल्या गाडीला आधीच्या दुकानाने एअरबॅग लावून प्रॉब्लेम सॉल्व्ह झाला म्हणून सांगितलं होतं, ट्रक अगदी लेव्हल दिसत होता, आणि ते ६,३६० एअरबॅग लावलेल्या स्थितीतलंच वजन आहे. लक्षण झाकलं गेलं आणि दोन उन्हाळे ते तसेच फिरले. याचा मला आजही राग येतो.

चढावरचं टेंपरेचर राहिलं. पेट्रोल इंजिन, टर्बो नसलेलं, उंचीच्या दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं. कोलोरॅडोत आय-७० वर आयझेनहॉवर बोगदा अकरा हजार फुटांच्या वर आहे, तिथे तुमच्या इंजिनाची जवळपास एक तृतीयांश ताकद गेलेली असते. ते बिघाड समजू नका, टो-हॉल मोड (ओझं ओढताना वापरायचा गिअरचा मोड) लावा, खालच्या गिअरला चाळीसने चढा आणि उतरताना चढलात त्याहून जास्त वेगाने उतरू नका. सपाट ह्यूस्टनकडेही टेंपरेचर चढत असेल तर मात्र ट्रान्समिशन शॉप, तेल आणि कूलर बघू दे.

शेवटचा आणि सगळ्यात महागडा उपाय म्हणजे जोडी बदलणं, आणि काट्याची पावती तेच सांगत असेल तर कुठलाही मेकॅनिक तुम्हाला वाचवू शकत नाही, थांबा आणि पैसे पार्टवर घालवू नका. उलटा हिशेब असा करा. ट्रेलरची पूर्ण भरलेली मर्यादा घ्या, कोरडं वजन नाही, त्याचे २३ टक्के काढा, त्यात हिच, माणसं आणि ट्रकमधलं सामान मिळवा. १४,००० च्या ट्रेलरला ३,२२० पिन, १८० हिच, ७०० माणसं-सामान, झाले ४,१००. एवढा स्टिकर एक टनी ट्रकच्या वरच्या टोकाला मिळतो, नाहीतर मागे चार चाकांचा ड्यूअली. १०,००० च्या ट्रेलरला तीन हजारांच्या आसपास लागतो, तिथे पेट्रोल थ्री-क्वार्टर टन चालून जातो, डिझेल बऱ्याचदा नाही. आणि हाफ टनने ओढता येईल असं लिहिलेले छोटे फिफ्थ व्हील येतात त्यांचंही हे गणित करा, ९,००० चे २० टक्के धरले तरी १,८००, वर हिच आणि घरची चार माणसं, आणि बहुतेक हाफ टनचे स्टिकर तिथे पोचतच नाहीत. शिवाय त्यांचा साडेपाच फुटी बेड, वळताना ट्रेलरचं नाक मागच्या काचेत येतं. मोठा ट्रेलर घेण्याआधी लायसन्सही बघा, कॅलिफोर्नियात १०,००० पौंडांच्या वरच्या फिफ्थ व्हीलला साध्या लायसन्सवर वेगळी परवानगी लागते आणि १५,००० च्या वर वेगळा वर्गच लागतो, तुमच्या राज्याचा नियम राज्याच्या साईटवर वाचा, विक्रेत्याच्या तोंडून नको.

ते नवरा-बायको म्हणाले ट्रेलर सोडणार नाही, म्हणून ट्रक विकला आणि वापरलेला पेट्रोल ड्यूअली घेतला, स्टिकर ५,३०० चा. या मार्चमध्ये पुन्हा काट्यावर गेलो, पाटा होताच, नातवंडंही होती, मागच्या अ‍ॅक्सलला अजून तीन हजार पौंडांची जागा राहिली.

मला कुणी गाडी बघायला सांगणार असेल तर आधी दोन फोटो काढून ठेवा, दरवाज्यावरचा स्टिकर आणि काट्याच्या दोन्ही पावत्या. ट्रक किती बसलाय त्याचा बाजूने काढलेला फोटो नको, त्यावरून मला काही कळत नाही.